पत्त्यावर छापले एक, नियम सांगतो दुसरेच

दोन खेळाडू समोरासमोर बसले आहेत. एकाच्या बाजूला टेबलावर ‘टार्मोगॉइफ’ नावाचे प्राण्याचे कार्ड आहे. या प्राण्याचे सामर्थ्य ठरलेले नसते. दोन्ही खेळाडूंची वापरून झालेली कार्डे ज्या ढिगांत जातात, त्यांना या खेळात ‘स्मशान’ म्हणतात. दोन्ही स्मशानांत मिळून जितक्या प्रकारांची कार्डे असतील तितके टार्मोगॉइफचे बळ, आणि त्याचा टिकाव त्याहून एकाने अधिक. या घडीला तेथे एक प्राणी आणि एक भूमी, असे दोनच प्रकार आहेत. म्हणजे बळ दोन, टिकाव तीन. प्रतिस्पर्धी ‘लाइटनिंग बोल्ट’ हे कार्ड टाकतो. हा तत्क्षण वापरता येणारा मंत्र नेमकी तीन इजा करतो. टिकाव तीन आणि इजाही तीन, तेव्हा प्राणी मेला, असे म्हणून तो हात पुढे करतो. पहिला खेळाडू म्हणतो, ‘थांब, तो मेलेला नाही.’

पहिल्याचेच बरोबर आहे. मंत्राचा परिणाम पूर्ण होताना शेवटची पायरी म्हणून तो मंत्र स्वतः स्मशानात जातो. एखादा प्राणी इजेने मेला की नाही, याची तपासणी त्यानंतर होते, आधी नाही. लाइटनिंग बोल्ट स्मशानात पोहोचला की तेथे ‘तत्क्षण मंत्र’ हा तिसरा प्रकार दाखल होतो. टार्मोगॉइफचा टिकाव चार होतो आणि तीन इजा सोसून तो उभा राहतो. याउलट स्मशानातील त्या दोन प्रकारांपैकी एक आधीपासूनच तत्क्षण मंत्र असता, तर नव्याने काहीच भर पडली नसती आणि प्राणी मेला असता. दोन्ही कार्डांवरील मजकूर कितीही वेळा वाचला तरी तपासणीचा हा क्रम त्यांवर सापडत नाही. तो शोधावा लागतो, आणि तोही डाव रंगात आलेला असताना, समोरचा घाई करीत असताना.

हा खेळ म्हणजे ‘मॅजिक: द गॅदरिंग’. गणितज्ञ रिचर्ड गारफिल्ड यांनी तो रचला आणि अमेरिकेतील ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ या कंपनीने 1993 साली बाजारात आणला. ट्रेडिंग कार्ड गेम, म्हणजे कार्डे जमवायची, अदलाबदल करायची, त्यांतून आपला स्वतःचा कॅट बांधायचा आणि त्या कॅटने खेळायचे, हा प्रकार या खेळापासून रूढ झाला. पोकेमॉन आणि यू-गी-ओ हे त्याच वाटेने पुढे आलेले खेळ होत. आपल्याकडे ज्यांचे बालपण कुस्तीगिरांच्या ट्रम्प कार्डांत गेले, त्यांना वाटेल की पत्त्यांच्या खेळात असा काय वाद असणार? त्या कार्डांवर उंची, वजन आणि क्रमांक छापलेला असे, ज्याचा आकडा सरस त्याने कार्ड घ्यावे, एवढाच व्यवहार. मॅजिकमध्ये मात्र प्रत्येक कार्ड हा स्वतंत्र नियमच असतो, आणि अशी एकमेकांहून निराळी कार्डे 25 हजारांहून अधिक आहेत.

या खेळाच्या नियमावलीत अगदी आरंभी, 101 क्रमांकाच्या कलमात, एक सुवर्णनियम आहे: कार्डावरील मजकूर नियमावलीला थेट छेद देत असेल, तर कार्ड श्रेष्ठ. त्याला लागूनच दुसरा नियम: एक परिणाम ‘करता येते’ म्हणतो आणि दुसरा ‘करता येत नाही’ म्हणतो, तेव्हा ‘येत नाही’ हाच चालतो. संस्कृत व्याकरणाचा थोडाफार परिचय असलेल्यांना येथे उत्सर्ग आणि अपवाद या जोडीची आठवण होईल. सर्वसाधारण नियम सर्वत्र लागू, पण विशेष नियम समोर आला की तो साधारण नियमाला बाजूला सारतो. पाणिनीच्या भाष्यकारांनी कोणता नियम कोणाला बाधतो यावर शतकानुशतके खल केला. मॅजिकच्या नियमावलीलाही नेमके तेच काम करावे लागते. फरक इतकाच, की येथे दर काही महिन्यांनी शेकडो नवे अपवाद दुकानांत विक्रीला येतात.

मजकूर तीन, अधिकार वेगवेगळा

वाद मिटवायचा तर कशाचा आधार घ्यावा? येथे तीन गोष्टी वेगळ्या ओळखाव्या लागतात, आणि बहुतेक गोंधळ त्यांची सरमिसळ केल्यानेच होतो.

पहिली म्हणजे समग्र नियमावली. तिचे नऊ प्रकरणांतील शेकडो क्रमांकित नियम आणि शेवटचा शब्दसंग्रह मिळून एखाद्या जाडजूड कायद्याच्या पुस्तकाएवढा ऐवज होतो. नवी कार्डे आली की तिची सुधारित आवृत्ती प्रसिद्ध होते. सर्वसामान्य खेळाडूने ती पाठ करावी अशी कोणाची अपेक्षा नाही. ती संदर्भासाठी आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे कार्डाचा अधिकृत मजकूर, ज्याला या खेळात ‘ऑरॅकल’ म्हणतात. हातातील कार्डावर काय छापले आहे याला शेवटचा शब्द मानले जात नाही. त्या नावाच्या कार्डाचा आज जो अधिकृत मजकूर आहे, तोच प्रमाण. 1993 सालच्या ‘काउंटरस्पेल’ या कार्डावर त्याचा प्रकार ‘इंटरप्ट’ असा छापलेला आहे. तो प्रकारच 1999 साली नियमांच्या मोठ्या फेररचनेत रद्द झाला आणि असे सारे मंत्र तत्क्षण मंत्रांत गणले जाऊ लागले. ते जुने कार्ड आजही खेळता येते, पण वाचायचे ते आजच्या मजकुराप्रमाणे.

गोव्यातील वाचकाला ही गोष्ट अपरिचित वाटू नये. 1867 सालच्या नागरी संहितेची जागा पोर्तुगालमध्ये 1966 साली नव्या संहितेने घेतली. गोवा त्याआधीच, 1961 साली मुक्त झाला असल्याने ती नवी संहिता येथे आली नाही आणि येथे जुनीच चालू राहिली. पुढे तिच्यातील वारसाविषयक भागाची जागा गोव्याच्याच 2012 सालच्या कायद्याने घेतली. पोर्तुगीज संहितेची छापील प्रत हाती घेतलेल्या वकिलाला म्हणूनच आधी विचारावे लागते, की हे कलम येथे आणि आज लागू आहे काय. पत्त्यांच्या टेबलावर हाच प्रश्न लहान प्रमाणावर पुन्हा पुन्हा उभा राहतो.

तिसरी गोष्ट निवाड्यांची. नवा संच येतो तेव्हा कंपनीची नियम सांभाळणारी मंडळी त्यातील कार्डांवर टिपणे प्रसिद्ध करतात: अमुक कार्ड तमुक प्रसंगी कसे वागेल, कोणत्या क्षणी निवड करावी लागेल, मध्येच ते कार्ड नष्ट झाले तर काय होईल. हीच टिपणे पुढे त्या त्या कार्डाखाली ‘निवाडे’ म्हणून नोंदवली जातात. येथे लक्षात घ्यायचे ते हे, की निवाडा स्वतः नियम घडवीत नाही. तो नियमावली आणि अधिकृत मजकूर यांतून निघणारा अर्थ उलगडून सांगतो. सूत्र आणि भाष्य यांच्यात जे नाते, तेच येथे.

शोधयंत्राच्या आत

कंपनीचा स्वतःचा संग्रह ‘गॅदरर’ या नावाने उपलब्ध आहे. पण खेळाडूंच्या फोनवर अधिक वेळा उघडते ते ‘स्क्रायफॉल’. हे कंपनीचे अधिकृत साधन नव्हे. खेळाच्या चाहत्यांनी उभारलेले शोधयंत्र आहे. त्यात कार्डाचे नाव टाकले की चित्र, आजचा अधिकृत मजकूर, कोणत्या प्रकारच्या स्पर्धेत ते चालते याची यादी आणि खाली तारखांसह निवाडे, असे सारे एका ठिकाणी दिसते. नाव आठवत नसेल तर मजकुरातील शब्दांवरून, रंगावरून, किमतीवरून, बळावरून शोधता येते.

नावांचा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. 2021 सालच्या एका कार्डाचे नाव ‘अस्मोरानोमार्डिकाडाइस्टिनाकुल्डाकार’ असे आहे. ते अचूक टंकणारा मनुष्य विरळाच. म्हणून अशा साधनांत ढोबळ शोधाची सोय असते: टंकलेला शब्द आणि संग्रहातील नावे यांत किती अक्षरांचा फरक आहे हे मोजून सर्वांत जवळचे नाव पुढे केले जाते. दोन शब्दांतील असे अंतर मोजण्याची एक प्रसिद्ध रीत रशियन गणितज्ञ व्लादिमिर लेवेन्श्टाइन यांच्या नावाने ओळखली जाते. मराठीत टंकताना फोन जे शब्द सुचवतो, त्यामागेही याच जातीचे गणित असते.

खरी युक्ती मात्र पुढे आहे. लाइटनिंग बोल्ट हे एकच कार्ड गेल्या तीस वर्षांत अनेक संचांत, वेगवेगळ्या चित्रांसह आणि वेगवेगळ्या शब्दांत छापले गेले. प्रत्येक छपाईची स्वतंत्र नोंद ठेवावी लागते, कारण जमवणाऱ्याच्या दृष्टीने त्या निराळ्या वस्तू आहेत. नियमांच्या दृष्टीने मात्र त्या एकच. म्हणून स्क्रायफॉलच्या संग्रहात प्रत्येक छपाईला आपला वेगळा क्रमांक आहे आणि त्या सर्वांना बांधणारा एक सामाईक ‘ऑरॅकल क्रमांक’ आहे. निवाडे जोडलेले असतात ते या सामाईक क्रमांकाला. त्यामुळे खेळाडूने 1993 सालचे जीर्ण कार्ड शोधले काय आणि कालपरवा छापलेले शोधले काय, खाली निवाडे तेच येतात.

निवाड्याची नोंदही साधीच असते: ऑरॅकल क्रमांक, टिपणाचा मजकूर, प्रसिद्धीची तारीख आणि स्रोत, म्हणजे ते टिपण कंपनीचे आहे की स्क्रायफॉलने घातलेले. निवाड्यांची संपूर्ण फाइल कोणालाही उतरवून घेता येते. तिच्या आधारे एखादा विद्यार्थी सुट्टीच्या दिवसांत आपले स्वतःचे छोटे साधन बनवू शकतो, आणि अशी साधने पुष्कळ बनलीही आहेत. ‘एमटीजी फॅमिलियर’ हे अँड्रॉइड फोनवर चालणारे मुक्तस्रोत अ‍ॅप आहे. जेथे नेटवर्क मिळत नाही अशा तळघरातल्या सभागृहात फोनवर आधीच उतरवलेला संग्रह किती उपयोगी पडतो, हे स्पर्धांना जाणाऱ्यांना सांगायला नको.

या संग्रहात मराठी वाचकाला थबकवणारी एक नोंद आहे. 2001 साली ‘अपॉकॅलिप्स’ हा संच येण्याआधीच्या स्पर्धांसाठी ‘फंगल शॅम्ब्लर’ हे कार्ड चक्क संस्कृतात, देवनागरी लिपीत छापले गेले होते. त्या काळात अशी भेटीची कार्डे लॅटिन, प्राचीन ग्रीक, अरबी अशा भाषांतही निघाली. आपल्याला ते कार्ड अक्षर लावून वाचता येते. पण त्यावर शंका उपस्थित झाली तर प्रमाण मानायचा तो इंग्रजीतील ऑरॅकल मजकूरच: हा प्राणी प्रतिस्पर्ध्याला इजा करील तेव्हा आपण एक कार्ड उचलायचे आणि त्याने एक टाकून द्यायचे. पोर्तुगीज भाषेतील कार्डांनाही हाच न्याय लागू. टेबलावर कोणत्याही भाषेतील कार्ड आले तरी शोधयंत्र ते एकाच मजकुरापाशी नेऊन पोहोचवते, आणि हे त्याचे मोठेच काम म्हणावे लागेल.

तारीख पाहावी ती याचसाठी

जुन्या खेळाडूचा अनुभव कधी कधी त्याच्याच विरोधात जातो. ‘मॉग फॅनॅटिक’ या लहानशा प्राण्याला बळी देऊन कोणालाही एक इजा करता येते. 2009 पर्यंत लढाईतील इजा आधी ‘नोंदवली’ जाई आणि मग अमलात येई. त्या मधल्या क्षणी खेळाडू मॉग फॅनॅटिकचा बळी देई. लढाईतील इजा तर होईच, वर बळीची एक इजा वेगळी. त्या वर्षीच्या नियमबदलात लढाईतील इजा थेट अमलात येऊ लागली आणि हा डाव कायमचा संपला. दहा-बारा वर्षे खेळ सोडून परत आलेला मनुष्य मात्र तो अगदी प्रामाणिकपणे खेळतो. आपण चुकतो आहोत याची त्याला कल्पनाही नसते. आणि समोर नवखा असला, तर जाणत्याचा शब्द म्हणून तो मान्यही करतो.

म्हणूनच निवाड्याखालची तारीख ही शोभेची गोष्ट नाही. तीही डोळे झाकून वाचता येत नाही. अनेक जुन्या कार्डांखाली ओळीने 4 ऑक्टोबर 2004 ही एकच तारीख दिसते. इतके सारे प्रश्न एकाच दिवशी उद्भवले आणि सुटले असे अर्थातच नाही. आधीची टिपणे एकदम नोंदवल्याची ती खूण दिसते. नियम बदलला की कंपनी जुने टिपण सुधारते किंवा काढून टाकते. पण कोणी तरी त्याचा फोटो काढून ठेवलेला असतो, आणि काढून टाकलेला निवाडा त्या फोटोच्या रूपाने पुढे फिरत राहतो. नियमावलीतील क्रमांकांचेही तसेच: मध्ये नवे पोटनियम आले की काही पोटनियमांची अक्षरे पुढे सरकतात. नुसता क्रमांक सांगणाऱ्यापेक्षा नियमाचे वाक्य समोर ठेवणारे साधन अधिक भरवशाचे ते यामुळे.

आता अडचणीची बाजू. निवाडे एकेका कार्डाखाली नोंदलेले असतात, आणि वाद बहुधा दोन कार्डांच्या गाठीतून निर्माण होतो. कार्डे 25 हजार धरली तरी दोन-दोनच्या जोड्या 31 कोटींहून अधिक भरतात. त्या सर्वांवर टिपणे लिहिणे कोणालाही शक्य नाही.

एक गाजलेली जोडी घ्यावी. ‘ब्लड मून’ हे कार्ड म्हणते, मूलभूत नसलेल्या सर्व भूमी ‘पर्वत’ आहेत. ‘अर्बोर्ग, टूम ऑफ यॉगमॉथ’ ही स्वतः एक अमूलभूत भूमी. ती म्हणते, प्रत्येक भूमी आपल्या इतर प्रकारांखेरीज ‘दलदल’ही आहे. दोन्ही एकाच वेळी टेबलावर असतील तर काय? नवखा म्हणेल, जे नंतर आले ते चालेल. एरवी ते बरोबर ठरले असते, कारण एकाच थरातील परिणाम साधारणपणे कालक्रमाने लावतात. पण येथे एक परिणाम दुसऱ्याच्या मुळावरच येतो. ब्लड मूनमुळे अर्बोर्ग नुसता पर्वत बनते आणि आपला गुणच गमावते. ज्याचे अस्तित्व दुसऱ्यावर अवलंबून, तो परिणाम मागाहून लावायचा, असा 613 क्रमांकाच्या नियमसमूहातील अवलंबनाचा नियम आहे. म्हणून कोणते कार्ड आधी आले हे पाहण्याची गरजच उरत नाही. दलदल कोठेही होत नाही. हे उत्तर शोधायचे तर वापरणाऱ्याला 613 हा आकडा आधी ठाऊक असावा लागतो. शोधयंत्र विचारलेले शोधून देते, पण काय विचारावे हे त्याच्या कक्षेबाहेरचे आहे.

मग संगणकानेच सरळ निर्णय द्यावा, असे कोणी म्हणेल. 2002 पासून चालत आलेल्या ‘मॅजिक ऑनलाइन’मध्ये आणि नंतरच्या ‘मॅजिक अरीना’मध्ये तसेच होते, तेथे प्रत्येक पायरी प्रणालीच पार पाडते. परंतु खऱ्या टेबलावरील स्थिती संगणकाला दिसत नाही, ती कोणी तरी सांगावी लागते. या खेळाच्या गुंतागुंतीलाही अंत नाही. अ‍ॅलेक्स चर्चिल, स्टेला बिडरमन आणि ऑस्टिन हेरिक यांनी 2019 साली दाखवून दिले, की खरोखरच्या मॅजिक कार्डांतून डावाच्या आत एक पूर्ण संगणकयंत्र रचता येते. अ‍ॅलन ट्युरिंग यांनी 1936 साली सिद्ध केले होते की अशी यंत्रे थांबतील की नाही, हे सर्वच बाबतींत सांगणारी एकच पद्धत असू शकत नाही. सबब, मॅजिकच्या काही डावांत कोण जिंकणार हे ठरवणारा प्रोग्राम अस्तित्वात येऊच शकत नाही. घरच्या टेबलावर अशी स्थिती कधी येणार नाही हे खरे. प्रत्येक स्वतंत्र पायरीचा नियम ठरलेला असतोच.

अधिक जवळचा धोका दुसरा आहे. अलीकडे खेळाडू आपला प्रश्न कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संवादयंत्राला विचारू लागले आहेत. उत्तर झटकन येते, भाषा चोख असते, नियमाचा क्रमांकही जोडलेला असतो. आणि नियमावली उघडली तर त्या क्रमांकावर भलताच नियम निघू शकतो. शोधयंत्राला उत्तर सापडले नाही तर ते ‘काही सापडले नाही’ म्हणते. हा त्याचा उणेपणा मानला जातो, पण वादाच्या वेळी तोच गुण ठरतो. दोघांनी मिळून वाचावा असा मजकूर, तारीख आणि स्रोत समोर ठेवून ते बाजूला होते. त्यानंतर मोठ्या आवाजाच्या किंवा जास्त कार्डे बाळगणाऱ्या खेळाडूला केवळ तेवढ्यावर बाजी मारता येत नाही. चौदा वर्षांच्या मुलासमोर चाळिशीचा मुरलेला खेळाडू बसतो अशा या खेळात ही गोष्ट लहान नव्हे.

स्पर्धांच्या नियमांनीही ही मर्यादा ओळखली आहे. अधिकृत मजकूर पाहण्याची खेळाडूला मुभा आहे, मात्र तो उघडपणे पाहावा आणि त्यासोबत डावपेचांचा सल्ला नसावा, अशी अट आहे. कार्डाच्या अर्थाविषयी अखेरचा अधिकार मुख्य पंचाचा. ऑरॅकलमध्येच चूक असल्याचे ध्यानात आले, तर तो मजकूरही बाजूला सारण्याचा हक्क पंचाला दिलेला आहे. त्या चुकीचा फायदा उठवणे खेळाडूला मना आहे. आणि ज्याच्याकडे फोन नाही, ज्याला कार्डाचे नावही आठवत नाही, त्याच्यासाठीही तरतूद आहे: दुसऱ्या कोणत्याही कार्डाशी गल्लत होणार नाही इतके वर्णन त्याने पंचाला सांगावे, म्हणजे शक्य असेल तर अधिकृत मजकूर त्याला दाखवला जातो.